कंपायलर बदलतो तेव्हा

संगणक विकत घेऊन त्यावर सिद्ध कार्यप्रणाली बसविणाऱ्या बहुसंख्य लोकांचा कंपायलर नावाच्या वस्तूशी आयुष्यात कधी प्रत्यक्ष संबंध येत नाही. कारण ज्या प्रोग्रामांचा ते उपयोग करतात ते कोठेतरी दूर, कोणा कंपनीच्या वा संस्थेच्या यंत्रांवर, आधीच यंत्रभाषेत उतरविले गेलेले असतात, आणि यांच्या हाती येतो तो केवळ तयार माल. तथापि जगात एक लहानसा संप्रदाय असाही आहे की ज्याला ही सोय मान्य नाही. प्रत्येक प्रोग्रामची मूळ संहिता, म्हणजे माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर, आपल्या यंत्रावर आणावा, तेथेच कंपायलरकडून तिचे यंत्रभाषेत रूपांतर करावे, तिचे कोणते भाग घ्यावयाचे व कोणते गाळावयाचे याचा निर्णय स्वतः करावा, आणि मगच ती वस्तू वापरावी, असा या संप्रदायाचा आचार आहे. फ्रीबीएसडीचा ‘पोर्ट्‌स’ हा संग्रह १९९४ साली निघाला, नेटबीएसडीचा ‘पीकेजीसोर्स’ १९९७ साली. आणि यांतील पहिल्यापासून स्फूर्ती घेऊन डॅनियल रॉबिन्स याने उभारलेल्या जेंटू लिनक्सची १.० ही आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी प्रसिद्ध झाली. जेंटू ही पेंग्विनांतील सर्वांत वेगाने पोहणारी जात. आपल्या यंत्राच्या प्रकृतीस अनुसरून सिद्ध केलेली प्रणाली त्याच वेगाने धावेल, अशी आशा त्या नामकरणामागे होती. तो वेग प्रत्यक्षात फारसा हाती लागत नाही असे माझे मत आहे. हाती लागते ते स्वातंत्र्य, आणि त्याच्या मागोमाग येणारी कामे. त्या कामांतील सर्वांत जोखमीचे काम म्हणजे कंपायलरची आवृत्ती बदलणे.

या कार्यप्रणालींत कंपायलरचे स्थान इतर प्रोग्रामांहून सर्वस्वी निराळे असते. ब्राउझर बदलला तर ब्राउझरापुरते बदलते. परंतु कंपायलर बदलला की यंत्रावर असलेले आणि पुढे येणारे प्रत्येक पॅकेज ज्या एका साधनाच्या हातून सिद्ध व्हावयाचे ते साधनच बदलते. पॅकेजची निगा राखणारा, ज्याला या मंडळींच्या बोलीत मेंटेनर म्हणतात, तो मूळ प्रोग्रामचा कर्ता क्वचितच असतो. संहिता कोठून आणावी, कोणत्या क्रमाने सिद्ध करावी, कोणत्या लायब्ऱ्या, म्हणजे अनेक प्रोग्रामांना सामाईक असे तयार तुकडे, आधी हजर असाव्यात, एवढे सांगणारी छोटीशी लिखित कृती, जिला जेंटूत ‘ईबिल्ड’ म्हणतात, तेवढी त्याच्या हातची. प्रोग्रामचा कर्ता कदाचित दहा वर्षांपूर्वीच त्या कामातून निवृत्त झालेला असतो. कंपायलर करणारी मंडळी तिसरीच. आणि ज्यांनी एकमेकांचा कधी विचार घेतला नाही अशा या दोन पक्षांची पहिली गाठ पडते ती मेंटेनरच्या यंत्रावर. तेथे जे बिघडते त्याचा दोष सामान्य माणूस नव्या कंपायलरवर टाकतो. वस्तुतः दहांपैकी नऊ वेळा दोष संहितेत पूर्वीपासून असतो, आणि नवा कंपायलर फक्त तो उघडा करतो. म्हणूनच मुरलेला मेंटेनर आरडाओरडा करणाऱ्या बिघाडाला भीत नाही. तो भितो मुकाट्याने झालेल्या यशाला. हा भेद ध्यानी आल्यावाचून कंपायलर बदलण्याची रीत समजणे कठीण आहे, म्हणून पुढील विवेचन त्याच अनुरोधाने केले आहे.

या क्षेत्रात ज्याचे नाव वारंवार येते तो कंपायलर म्हणजे जीसीसी. रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८७ साली जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती दिली. अलीकडे दरसाल वसंतऋतूत, एप्रिल-मेच्या सुमारास, त्याची एक नवी मोठी आवृत्ती निघण्याचा प्रघात पडला आहे. मग कोणी विचारील की, जुना कंपायलर चालतो आहे, तर तो बदलावा कशाला? या प्रश्नाला फ्रीबीएसडीच्या इतिहासाने दिलेले उत्तर बोलके आहे. २००७ साली जीसीसीने आपला परवाना बदलून जीपीएलची तिसरी आवृत्ती स्वीकारली; तिच्या अटी फ्रीबीएसडीच्या मंडळींना मानवल्या नाहीत, आणि त्यांनी जुन्या परवान्याखाली निघालेल्या शेवटच्या, म्हणजे ४.२.१ या आवृत्तीवरच मुक्काम ठोकला. मधल्या काळात २०११ साली सी प्लस प्लस भाषेचे नवे मानक आले, प्रोग्रामकर्ते त्यानुसार लिहू लागले, आणि हा गोठविलेला कंपायलर ती संहिता वाचण्यास असमर्थ ठरू लागला. मग पोर्ट्‌समधील एकेक पॅकेज ‘मला नवा जीसीसी हवा’ अशी मागणी नोंदवू लागले, आणि नव्या कंपायलरने केलेली पॅकेजे व जुन्याने केलेल्या लायब्ऱ्या एकाच यंत्रावर एकमेकींच्या शेजारी नांदू लागल्या. शेवटी जानेवारी २०१४ मध्ये निघालेल्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये मुख्य यंत्रप्रकारांवर क्लँग हा सर्वस्वी वेगळा कंपायलर मूळ कंपायलर म्हणून नेमण्यात आला. दरसालचा त्रास टाळला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो साचतो आणि एकदम वसूल होतो.

कंपायलर स्वतःही एक प्रोग्रामच असल्यामुळे त्यालाही कोणीतरी कंपाइल करावे लागते, आणि येथे या विद्येतील एक मनोहर युक्ती दिसते. जीसीसी तीन फेऱ्यांत सिद्ध होतो. यंत्रावर आधी असलेला कंपायलर नव्याच्या संहितेचे रूपांतर करतो, ही पहिली फेरी. त्यातून निघालेला नवा कंपायलर त्याच संहितेचे पुन्हा रूपांतर करतो, ही दुसरी. आणि दुसरीत निघालेला पुन्हा एकवार तेच करतो, ही तिसरी. मग दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या फलितांची रुजुवात घेतली जाते. जुन्या कंपायलरच्या काही खोडी असल्याच तर त्या पहिल्या फेरीच्या फलितात उतरतील, परंतु दुसरी व तिसरी फेरी नव्याच्याच हातची असल्याने त्या दोहोंत फरक पडावयास नको. पडला तर कोठेतरी गफलत आहे असे समजून काम तेथेच थांबते. केन थॉम्प्सन याने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दाखवून दिले होते की, पूर्वजाने मुद्दाम लपविलेली लबाडी या वंशपरंपरेतून अदृश्यपणे पुढे जाऊ शकते; तीन फेऱ्यांची रुजुवात तिच्यावर उपाय नव्हे, नकळत झालेल्या चुकांवर मात्र आहे. या परंपरेत पायऱ्या गाळता येत नाहीत, हेही मेंटेनरला ठाऊक असावे लागते. २०१३ सालच्या ४.८ आवृत्तीपासून जीसीसीची संहिता सी प्लस प्लसमध्ये लिहिली जाऊ लागली, त्यामुळे ज्या यंत्रावर केवळ सी भाषेचा कंपायलर आहे त्याला आधी ४.७ करून घ्यावा लागतो; आणि ११व्या आवृत्तीपासून तर २०११ च्या मानकाचे सी प्लस प्लस जाणणारा कंपायलर हाताशी असल्याविना नव्याचा जन्मच होत नाही. फार वर्षे बंद पडून राहिलेले यंत्र अद्ययावत करू पाहणाऱ्यास म्हणूनच थेट उडी मारता येत नाही, जिना चढावा लागतो.

आता बिघाडांकडे वळू. पहिला प्रकार अगदी प्रामाणिक: पॅकेज कंपाइलच होत नाही, पडद्यावर एरर उमटते आणि काम थांबते. २००८ च्या ४.३ आवृत्तीने आपल्या हेडरांची, म्हणजे इतरत्र असलेल्या फंक्शनांची व प्रकारांची घोषणा करणाऱ्या फाइलींची, आवराआवर केली. पूर्वी एक हेडर मागितले की त्याच्या आडून दुसरी चार न मागता येत असत, ती येईनाशी झाली, आणि ज्यांनी ती आपल्या संहितेत रीतसर मागितली नव्हती असे असंख्य सी प्लस प्लस प्रोग्राम अडून बसले. यातील अन्याय फक्त वरवरचा आहे. नियमानुसार ती हेडरे मागावयासच हवी होती, फुकट मिळत होती तोवर कोणी मागितली नाहीत. पंधरा वर्षांनी, १३व्या आवृत्तीत, दुसऱ्या एका हेडराबाबत हाच प्रयोग पुन्हा झाला. २०२० च्या १०व्या आवृत्तीने आणखी एक जुनी सवलत काढून घेतली: एकच जागतिक चल अनेक फाइलींत परिभाषित केला तरी कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर ते सारे मुकाट्याने एकत्र करीत असे, ते तो आता नाकारू लागला. २०२५ च्या १५व्या आवृत्तीने सी भाषेचे २०२३ चे मानक मूळ मानक म्हणून लावले; त्यात ‘बूल’ हा शब्द भाषेने राखून घेतल्यामुळे, पूर्वी आपापल्या सोयीने ज्यांनी या नावाचा प्रकार बनविला होता अशा जुन्या प्रोग्रामांची पंचाईत झाली.

या सर्वांत दूरगामी ठरली ती मे २०२४ ची १४वी आवृत्ती. सी भाषेच्या आरंभीच्या काळात अशी मुभा होती की, एखादे फंक्शन पूर्वी घोषित केलेले नसले तरी ते वापरावे. कंपायलर आपण होऊन समजे की ते पूर्णांक परत करते. १९९९ च्या मानकाने ही मुभा रद्द केली. परंतु कंपायलरांनी दयाबुद्धीने केवळ वॉर्निंग देऊन ती पुढे पंचवीस वर्षे चालू ठेवली, आणि वॉर्निंग कोणी वाचीत नाही. बत्तीस बिटांच्या यंत्रांवर पूर्णांक आणि पॉइंटर यांची लांबी सारखी असल्याने हे खपून जात असे. चौसष्ट बिटांच्या यंत्रांवर मात्र पॉइंटरचा अर्धा भाग कापला जाऊन प्रोग्राम भलत्याच जागी जाऊन कोसळे. जीसीसी १४ ने या व अशा काही वॉर्निंगांचे रूपांतर एररमध्ये केले. फेडोरा आणि जेंटू यांच्या मेंटेनरांनी आवृत्ती निघण्याच्या बऱ्याच आधीपासून आपली सारी पॅकेजे तपासावयास घेतली होती, आणि त्यासाठी केलेल्या दुरुस्त्यांची परस्पर देवघेव केली होती, म्हणून तो काळ निभावला.

या प्रकरणातील एक गोष्ट इतकी सूक्ष्म आणि इतकी उद्बोधक आहे की तिच्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. पुष्कळशी जुनी पॅकेजे कंपाइल होण्यापूर्वी ‘कन्फिगर’ नावाची एक स्क्रिप्ट चालवितात. यंत्रावर अमुक सोय आहे की नाही हे ठरविण्यासाठी ती पाच-सात ओळींचा एक चिमुकला सी प्रोग्राम लिहिते आणि कंपाइल करून पाहते. झाला तर सोय आहे, न झाला तर नाही, असा दाखला लिहून ती पुढे जाते. आता गंमत अशी की, हे चिमुकले प्रोग्राम वीस-तीस वर्षांपूर्वीच्या ढिलाईने लिहिलेले, त्यांतही फंक्शन घोषित न करता वापरलेले. नव्या कंपायलरने त्यांना एरर दिली; परंतु स्क्रिप्टने ती एरर ‘सोय नाही’ असा निवाडा म्हणून नोंदविली. पुढे मुख्य पॅकेज निर्वेधपणे कंपाइल झाले, स्थापन झाले, चालूही लागले, फक्त त्यातील एखादी क्षमता नाहीशी झालेली. कोठेही एरर नाही, तक्रार नाही. असे पॅकेज हुडकून काढावयाचे तर जुन्या व नव्या कंपायलरने तयार झालेले कन्फिगरचे दप्तर ओळीस ओळ लावून ताडावे लागते, आणि अनेकांनी ते खरोखर ताडले. मेंटेनरच्या कामातले कष्ट कोठे असतात हे ज्यांना जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी हे एकच उदाहरण ध्यानात ठेवले तरी पुरे.

दुसरा प्रकार म्हणजे दोन आवृत्त्यांनी केलेल्या वस्तूंचे परस्परांशी न जुळणे. फंक्शनला द्यावयाच्या वस्तू कोणत्या रजिस्टरांतून जाव्यात, एखाद्या रचनेची लांबी किती, नावे कोणत्या रूपात लिहावीत, याविषयी कंपाइल केलेल्या तुकड्यांत एक करार असतो; त्याला एबीआय म्हणतात. नागपूरकरांना तो समजावून देण्यास इतवारी स्थानक पुरेसे आहे. छिंदवाड्याकडील नॅरोगेज वाहतूक २०१५ साली आणि नागभीडकडील २०१९ साली बंद होईपर्यंत तेथे अडीच फुटी आणि साडेपाच फुटी असे दोन्ही रूळ नांदत होते; डबे आपापल्या रुळावर निर्दोष, इंजिने निर्दोष, परंतु एका मापाचा डबा दुसऱ्या मापाच्या रुळावर चढविता येत नसे, आणि मार्ग रुंद करावयाचा म्हणजे तो बंद ठेवून समूळ बदलावा लागे. जीसीसी ३.० ने २००१ साली सी प्लस प्लसचे माप असेच बदलले, आणि पुढील तीन वर्षांत ३.२ व ३.४ या आवृत्त्यांनी ते आणखी दोनदा हलविले. ३.० च्या आदल्या वर्षी तर रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत जीसीसीचा एक अप्रसिद्ध, अर्धा शिजलेला मसुदा २.९६ या क्रमांकाने घातला होता, ज्याचे माप ना मागच्या २.९५ शी जुळे ना पुढच्या ३.० शी, त्यावरून झालेला गहजब जुन्या मंडळींना अद्याप आठवतो. २०१५ च्या ५व्या आवृत्तीने मात्र शहाणपणाचा मार्ग काढला. नव्या मानकाला अनुसरून ‘स्ट्रिंग’ आणि ‘लिस्ट’ या दोन प्रकारांची घडण बदलणे भागच होते, तेव्हा मूळ लायब्ररीत जुने व नवे अशी दोन्ही रूपे शेजारी-शेजारी ठेवण्यात आली. त्यामुळे जुन्या कंपायलरने सिद्ध केलेले प्रोग्राम चालत राहिले. तथापि, एखादी लायब्ररी जुन्या रूपाने केलेली आणि तिच्यावर अवलंबून असलेला प्रोग्राम नव्या रूपाने करावयाचा, असा योग आला की लिंकर ‘अमुक नाव सापडत नाही’ म्हणून थांबे. यावर उपाय एकच: सी प्लस प्लसच्या मूळ लायब्ररीशी जोडलेली सर्व पॅकेजे हुडकून ती अवलंबित्वाच्या क्रमाने, आधी लायब्ऱ्या व मग त्यांचे ग्राहक, पुन्हा सिद्ध करणे. जेंटूत हे हुडकण्याचे काम ‘रेव्हडेप-रिबिल्ड’ हे साधन करीत असे.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. पॅकेज कंपाइल होते, लिंक होते, चालते, आणि चुकीचे चालते. तो समजण्यासाठी ज्या शास्त्राची जरूर लागते, त्यात महाराष्ट्रातील विद्वानांचा वाटा लहान नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक धनंजय ढमढेरे यांची सिस्टिम्स प्रोग्रामिंगवरील पाठ्यपुस्तके भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासली. प्रोग्राममध्ये तीच गणना काही वाटांवर पुनःपुन्हा होत असेल तर ती कशी टाळावी, यावरील त्यांचे संशोधन जगभर परिचित आहे. उदय खेडकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरील निबंध १९९४ साली एसीएमच्या नियतकालिकात आला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी त्याच विषयावर २००९ साली ग्रंथ लिहिला. त्याच संस्थेत खेडकरांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले, आणि जीसीसीच्या अंतरंगाचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा तेथे भरू लागल्या. या विश्लेषणाचे मर्म असे की, प्रोग्राम प्रत्यक्ष न चालविता, त्याच्या प्रत्येक बिंदूवर कोणती माहिती अवश्य खरी असली पाहिजे हे कंपायलर तर्काने काढतो, आणि त्या बळावर निरर्थक वाटणारे काम गाळून टाकतो.

तर्क निर्दोष असला तरी गृहीतक संहितेने मोडलेले असेल तर काय होते, याचे उदाहरण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, २००९ साली घडले. तेथील ‘टन’ नावाच्या ड्रायव्हरमध्ये एक पॉइंटर आधी वापरलेला होता आणि पुढच्या ओळीत तो शून्य तर नाही ना, याची तपासणी होती. कंपायलरने अनुमान केले की, ज्याअर्थी हा पॉइंटर आधीच वापरला गेला त्याअर्थी तो शून्य असणे शक्य नाही, कारण शून्य पॉइंटर वापरणे भाषेला मंजूर नाही. सबब पुढील तपासणी निरर्थक, ती काढावी. तपासणी गेली, आणि तिच्या जागी घुसखोराला वाट मिळाली. तेव्हापासून कर्नल कंपाइल करताना अशा तपासण्या काढू नयेत असा हुकूम कंपायलरला दिला जातो. २०१६ च्या ६व्या आवृत्तीने सी प्लस प्लसमध्ये याच जातीचे एक अनुमान अधिक कठोर केले, आणि क्यूटी-५, क्रोमियम व केडेव्हलप हे प्रोग्राम त्यामुळे बिघडतात असे जीसीसीच्या मंडळींनी आपल्या निवेदनातच नमूद करून ठेवले. अशा बिघाडांसाठी एरर नावाचा पहारेकरी उपलब्ध नसतो. पॅकेजबरोबर येणाऱ्या चाचण्या दर वेळी चालविणे, एवढाच बऱ्यापैकी उपाय. आणि ज्या पॅकेजांना चाचण्याच नाहीत त्यांच्या बाबतीत वापरणाऱ्यांच्या तक्रारींची वाट पाहणे.

मेंटेनर मंडळींनी या तिन्ही संकटांना तोंड देण्यासाठी जी व्यवस्था बसविली आहे ती एखाद्या जुन्या महसुली कचेरीला शोभेल इतकी काटेकोर आहे. नवा कंपायलर संग्रहात दाखल होतो तो प्रथम प्रतिबंधित म्हणून. ज्याला मुद्दाम हवा त्यानेच तो घ्यावा. त्याच्या नावे एक मुख्य नोंद उघडली जाते, आणि त्यामुळे बिघडलेल्या प्रत्येक पॅकेजची नोंद तिच्याखाली टाचली जाते. मग संग्रहातील पॅकेजांमागून पॅकेजे अहोरात्र कंपाइल करीत बसणारी यंत्रे चालविली जातात. फ्रीबीएसडीत या सामुदायिक परीक्षेस ‘एक्स्प-रन’ म्हणतात, नेटबीएसडीकडे ‘बल्क बिल्ड’. पुढे प्रतिबंध उठून कंपायलर चाचणीच्या शाखेत येतो, आणि साधारणतः निदान तीस दिवस तेथे निर्वेध काढल्यावर, व मुख्य नोंदीखालची गंभीर प्रकरणे निकालात निघाल्यावर, त्याला स्थिर शाखेची सनद मिळते. कंपायलरच्या बाबतीत हे तीस दिवस बहुधा पुष्कळ महिने होतात. जुना व नवा हे दोन्ही कंपायलर एकाच यंत्रावर वेगवेगळ्या ‘स्लॉट’मध्ये ठेवून हवा तो चालू करण्याची जेंटूतील सोय तर मला साऱ्या व्यवस्थेचा कणा वाटते, एखादे पॅकेज अडले की त्याच घटकेला जुन्याकडे परतून दोष कोणाकडे आहे हे पाहता येते.

राहता राहिला प्रश्न बिघडलेल्या पॅकेजचे करावयाचे काय, हा. येथे मेंटेनरची सचोटी कळते. सोपा मार्ग असा की, कंपायलरला एक फ्लॅग देऊन जुनी सवलत तेवढ्या पॅकेजपुरती पुन्हा चालू करावी: जुने मानक लाव, एररची पुन्हा वॉर्निंग कर, चलांचे एकत्रीकरण होऊ दे. हा मार्ग निषिद्ध नव्हे, पण ती केवळ तहकुबी आहे. तिच्यासोबत कारण व नोंदीचा क्रमांक ईबिल्डमध्ये लिहून ठेवला नाही, तर पाच वर्षांनी येणाऱ्या मेंटेनरला ती कशासाठी होती हे कळत नाही आणि काढण्याचे धैर्य होत नाही. खरा मार्ग म्हणजे संहितेत दुरुस्ती करून तो पॅच मूळ कर्त्याकडे पाठविणे, म्हणजे तीच दुरुस्ती जेंटू, फेडोरा, डेबियन यांनी वेगवेगळी करावयास नको. कर्ता उत्तर देत नसेल आणि पॅकेज कोणी वापरीतही नसेल, तर ते संग्रहातून काढून टाकण्याची नोटीस लावावी. मला तर दरसालच्या कंपायलरबदलाचा हा एक मोठा लाभ वाटतो की, मेलेली पॅकेजे कोणती हे त्यायोगे आपोआप कळते. उलट, प्रत्येक वॉर्निंगला एरर मानावे असा हुकूम जे कर्ते आपल्या पॅकेजमध्येच कोरून ठेवतात त्यांच्या शिस्तीचे मला कौतुक नाही. नवा कंपायलर नव्या वॉर्निंगा आणणारच, आणि कर्त्याच्या टेबलावर योग्य असलेला तो हुकूम परक्या यंत्रावर निष्कारण अडथळा होतो. जेंटूचे मेंटेनर तो काढून टाकतात, ते योग्यच आहे.

नागपुरात हा खटाटोप घरी करणाऱ्यास काही स्थानिक गोष्टींचा विचार करावा लागतो. जीसीसीची नवी आवृत्ती नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, आणि तेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. कंपाइल करताना प्रोसेसरचे सर्व भाग तासन्‌तास पूर्ण भाराने चालतात, तापतात, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतात; म्हणून दुपारी सुरू केलेल्या कामापेक्षा रात्री सुरू केलेले काम त्याच यंत्रावर लवकर उरकते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर माणसाला सुख देत असला तरी त्याची दमट हवा यंत्राच्या तोंडावर सोडू नये. समांतर किती कामे चालवावीत याचा ढोबळ हिशेब दर कामामागे दोन गिगाबाइट स्मृती असा धरतात. प्रोसेसरचे भाग सोळा आणि स्मृती आठ गिगाबाइट असेल तर सोळा कामे सोडणे म्हणजे यंत्र गुदमरविणे. मध्येच वीज गेली तर घाबरू नये: रूपांतर आणि तात्पुरती स्थापना एका वेगळ्या डिरेक्टरीत होते, आणि सर्व यथासांग पार पडल्यावरच फाइली मुख्य प्रणालीत हलविल्या जातात, त्यामुळे अर्धवट राहिलेले काम फुकट गेले तरी चालू प्रणालीला बहुधा धक्का लागत नाही. ज्यांना एवढाही ताप नको त्यांच्यासाठी जेंटूनेच डिसेंबर २०२३ पासून तयार पॅकेजांचा मोठा साठा खुला केला आहे. संप्रदायातील कर्मठांनी त्यावर नाके मुरडली, परंतु मोठाले ब्राउझर तयार घेऊन बाकीचे घरी करावे, हा मध्यम मार्ग नागपुरी उन्हाळ्यात तरी मला शहाणपणाचा वाटतो.

आवृत्ती बदलल्यावर सारी प्रणाली पुन्हा सिद्ध करावी काय, असे नवखे लोक हटकून विचारतात. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असे आहे. जुन्या कंपायलरने केलेली पॅकेजे नव्याबरोबर सुखाने नांदतात, आणि ती जसजशी यथाकाल अद्ययावत होतील तसतशी नव्याच्या हातून जातील. अपवाद जाहीर करून येतात. २०१७ च्या अखेरीस जेंटूने १७.० हे नवे प्रोफाइल, म्हणजे प्रणालीच्या मूळ नियमांचा संच, आणले, तेव्हा प्रत्येक प्रोग्राम स्मृतीत कोठेही ठेवता येईल अशा रूपाने करण्याचा नियम मूळ नियम झाला, आणि जुन्या पद्धतीच्या स्थिर लायब्ऱ्या नव्या प्रोग्रामांना जोडता येईनात. तेव्हा आधी जीसीसी, मग लिंकर ज्यात असतो ते बिनयुटिल्स, मग सीची मूळ लायब्ररी ग्लिबसी, आणि शेवटी उरलेले सर्व, असा क्रम लावून संपूर्ण पुनर्रचना करावी लागली होती.

जुना कंपायलर काढून टाकण्याची घाई मात्र कधीही करू नये. नव्या कंपायलरने कर्नल व त्याची बाहेरची मॉड्यूले पुन्हा कंपाइल होऊन यंत्र एकदा त्यावर उभे राहिलेले पाहावे, कारण कर्नल एका कंपायलरचा आणि मॉड्यूल दुसऱ्याचे, असा संसार भरवशाचा नसतो. जुन्या काळी लायब्ऱ्या बांधण्याच्या ‘लिबटूल’ या साधनाच्या ‘.एलए’ या अखेरीच्या छोट्या फाइलींत जीसीसीच्या डिरेक्टरीचा संपूर्ण पत्ता आवृत्तीच्या क्रमांकासह लिहिलेला असे. जुना जीसीसी काढला की तो पत्ता ओस पडे, आणि कंपायलरशी काही संबंध नसलेली पॅकेजे काही आठवड्यांनी एकाएकी अडू लागत. त्या पत्त्यांत फेरफार करणारी एक स्वतंत्र स्क्रिप्ट जेंटूला त्यासाठी सोबत द्यावी लागत असे. आता त्या फाइली बहुतेक पॅकेजांतून स्थापनेच्या वेळीच काढून टाकल्या जातात.